बसायची जागा

(१९९८ च्या दहावीच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' या विषयावर बोलायला सांगितलं. विषय फार मोठा होता, म्हणून मी तो थोडा आखूड करून मागितला. सॉफ्टवेअरचं काम कुठेही सारखंच असतं. तीच स्क्रीन, त्याच मीटिंगा, तोच शुक्रवारी संध्याकाळी सापडणारा बग. त्याबद्दल ऐकायला तुम्ही इतक्या लांबून आलेला नाहीत. ऑफिस सुटल्यावर त्या देशातली माणसं कुठे जातात, हे सांगावं असं मला वाटलं. म्हणजे मी आज नेदरलँड्समधल्या एका शांत गावातल्या बारबद्दल बोलणार आहे.

पहिल्या रांगेतल्या आमच्या मराठीच्या बाईंच्या कपाळावर आठी पडलेली दिसते आहे. बाई, काळजी करू नका. सहा वर्षांत मी तिथे सगळ्यात जास्त प्यायले ते पुदिन्याचं पाणी. उंच ग्लासात उकळतं पाणी, त्यात ताज्या पुदिन्याच्या काड्या आणि सोबत चमचाभर मध. नेदरलँड्समधल्या बहुतेक कुठल्याही बारमध्ये हे मिळतं, आणि ते मागितलं म्हणून कोणी भुवया उंचावत नाही.

मागच्या रांगेतले मित्र आत्ताच हसले. त्यांच्या आवडीच्या एका शब्दापासून सुरुवात करते. मराठीत 'बसणे' या क्रियापदाला एक खास अर्थ आहे. 'आज बसायचं का?' असं कोणी विचारलं की कुठे आणि कशासाठी, हे सांगावं लागत नाही. बायकांना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझं आजचं बोलणं या एका शब्दाभोवती आहे.

मी राहत होते ते गाव डेल्फ्ट. एका बाजूला हेग, दुसऱ्या बाजूला रॉटरडॅम, आणि मध्ये लाखभर वस्तीचं हे कालव्यांचं गाव. २०१२ ते २०१८ अशी सहा वर्षं आम्ही तिथे होतो. निळी-पांढरी चिनी मातीची भांडी तुम्ही पाहिली असतील, ती इथली. व्हर्मीर हा चित्रकार इथलाच. १८४२ साली सुरू झालेलं तिथलं तंत्रविद्यापीठ आज जगभर नाव कमावून आहे. गाव मात्र शांत. संध्याकाळी सहाला दुकानं बंद होतात, सहालाच लोक घरी जेवायला बसतात आणि साडेसातला गल्लीत फक्त सायकलींचा आवाज उरतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं, या गावाला रात्र आहे पण रात्रीचं आयुष्य नाही.

हळूहळू लक्षात आलं की ते आयुष्य काचेच्या आत असतं. आधी तिथली भाषा समजून घ्यावी लागते. 'कॅफे' अशी पाटी असेल तर तो बार. 'कॉफीशॉप' अशी पाटी असेल तर तिथे गांजा मिळतो. आई-वडील भेटायला येणार असतील तर हा फरक त्यांना विमानतळावरच सांगून ठेवायचा.

तिथल्या जुन्या धाटणीच्या बारला 'ब्राउन कॅफे' म्हणतात. लाकडी भिंती, लाकडी जमीन, पिवळट दिवे. वर्षानुवर्षं तंबाखूच्या धुराने भिंती आणि छत तपकिरी झालेलं, म्हणून हे नाव. २००८ च्या जुलैपासून आत धूम्रपानाला बंदी आली, तरी रंग तसाच राहिला. टेबलांवर कधी कधी गालिच्यासारखं जाड कापड, एका कोपऱ्यात वर्तमानपत्रांचं लांब टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात पत्ते आणि बुद्धिबळ. रस्त्याकडे मोठमोठ्या काचा, आणि त्यांना पडदा नाही. रस्त्यावरून जाताना आत कोण बसलंय, काय पितंय, कोणाशी बोलतंय, सगळं दिसतं. आतल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं.

आता आपली परमिट रूम आठवा. नावापासूनच चोरटेपणा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना असणं बंधनकारक केलं, त्यातून हा शब्द आला. काळ्या काचा, अर्धा दरवाजा, आत मंद लाल दिवा. आत कोण आहे हे दिसू नये, एवढ्यासाठीच सगळी बांधणी. आपण मुली स्टँडकडून शाळेत येताना तेवढा पट्टा रस्ता ओलांडून पलीकडून चालायचो. कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्या जणी तेच करायचो.

डेल्फ्टमध्ये एक बिअर कॅफे आहे, त्याचं नाव 'लोकुस पुब्लिकुस'. हे लॅटिन आहे, अर्थ 'सार्वजनिक जागा'. इंग्रजीतला 'पब' हा शब्दही 'पब्लिक हाउस'चंच छोटं रूप. पाटी वाचून मी थबकले होते, कारण आपल्याकडे 'सार्वजनिक' म्हटलं की गणपती, वाचनालय आणि संडास एवढंच डोळ्यांसमोर येतं. बार सार्वजनिक असतो, म्हणजे तो तुमचा-माझा सगळ्यांचा असतो, ही कल्पनाच माझ्यासाठी नवी होती.

तशी डेल्फ्टला ही कल्पना जुनी आहे. मध्ययुगात हे गाव बिअरसाठीच प्रसिद्ध होतं. कालव्यांच्या काठाने बिअरच्या भट्ट्या होत्या. पुढे तो धंदा बसला आणि सतराव्या शतकात रिकाम्या झालेल्या भट्ट्यांच्या इमारतींत कुंभार शिरले. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे कितीतरी कारखाने असे जुन्या भट्ट्यांत सुरू झाले आणि काहींनी भट्टीचं नावही तसंच ठेवलं. त्या काळापासून आजपर्यंत टिकलेला कारखाना १६५३ सालचा. त्याच्या मूळ नावाचा अर्थ आहे 'पोर्सेलीनची बाटली'.

आणि व्हर्मीर. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशात पत्र वाचणाऱ्या, दूध ओतणाऱ्या बायका रंगवणारा तो शांत चित्रकार. त्याचे वडील खाणावळवाले होते. १६४१ साली त्यांनी डेल्फ्टच्या मुख्य चौकात 'मेखेलन' नावाची खाणावळ विकत घेतली. ते चित्रांचाही व्यापार करायचे. म्हणजे नऊ वर्षांचा व्हर्मीर बिअरच्या वासात आणि गिऱ्हाइकांच्या गलक्यात वाढत होता. १६५२ साली वडील वारले, त्यानंतर त्याच्या आईने ती खाणावळ पुढे बरीच वर्षं चालवली. साडेतीनशे वर्षांपूर्वी गावाच्या ऐन चौकातली खाणावळ एक विधवा चालवते, ही गोष्ट मला चित्रांइतकीच लक्षात राहिली. ती इमारत आता नाही. एकोणिसाव्या शतकात रस्ता रुंद करायला पाडली. पण चौक आहे, आणि चौकाभोवती कॅफे आहेत.

आता थोडं तिथल्या रीतीभातींबद्दल. इंजिनिअर असल्यामुळे मला बिअर पिण्यापेक्षा ती ओतताना बघण्यात जास्त रस होता. काउंटरवरचा माणूस ग्लास आधी पाण्यात विसळतो, तिरका धरतो, नळ एका झटक्यात पूर्ण उघडतो, शेवटी ग्लास सरळ करतो आणि वर आलेला जास्तीचा फेस चपट्या सुरीने कापून टाकतो. वर दोन बोटं फेस उरला पाहिजे. आपल्याकडे एवढा फेस दिसला तर गिऱ्हाईक भांडेल. तिथे तो नसेल तर भांडतात, कारण फेसामुळे खालच्या बिअरमधला वायू लवकर उडून जात नाही. ग्लास लहान, साधारण पाव लिटरचा. संपेपर्यंत गार राहतो आणि संपला की उठायचं की थांबायचं हा विचार करायची एक संधी मिळते.

दुसरी गंमत पैशांची. डच माणूस म्हणजे पक्का टीटीएमएम, तुझं तू माझं मी, अशी त्यांची ख्याती आहे. ती बऱ्याच अंशी खरी आहे. दोन युरोच्या कॉफीचे पैसे मागायलासुद्धा त्यांच्याकडे २०१६ पासून एक वेगळं अ‍ॅप आहे. पण बारमध्ये ही मंडळी फेरी लावतात. एकदा एकाने सगळ्यांना पाजायचं, पुढची फेरी दुसऱ्याची. माझ्या पुदिन्याच्या पाण्याचे पैसे मी सहा वर्षांत फार थोड्या वेळा स्वतः दिले, आणि माझी फेरी आली की सहा बिअर आणि एक पुदिना असा ट्रे मी स्वतः उचलून आणायचे. आमच्या आईला हा फोटो मी अजून दाखवलेला नाही.

ऑफिसात शुक्रवारी दुपारी चार वाजता 'बोरल' असायचा. बोरल म्हणजे पेय, सोबत तळलेले गरम गोळे आणि गप्पा. बॉस, शिकाऊ पोरं, सफाईचं काम करणारे, सगळे एका टेबलाशी. सहा वाजले की सगळे जेवायला घरी. माझ्या टीममधल्या बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या मैत्रिणी बाबागाडी घेऊन यायच्या. विद्यार्थ्यांची खास रात्र बहुधा गुरुवारची, कारण शनिवार-रविवारी निम्मी पोरं धुवायचे कपडे घेऊन आईकडे गेलेली असतात. विद्यापीठात विद्युत आणि संगणक विभागाच्या इमारतीतच विद्यार्थ्यांचा बार आहे, त्याचं नाव 'स्लॅश पब'. कॉम्प्युटरवाल्यांना विनोद कळला असेल. बाकीच्यांनी सोडून द्या, फार मोठा नाही.

गावातल्या जागांचा स्वभाव वेगवेगळा. 'बेस्टेनमार्क्ट' म्हणजे गुरांचा बाजार. एकेकाळी तिथे खरोखर गुरं विकली जायची. आता झाडांच्या सावलीत चारही बाजूंनी खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा तिथे जागा मिळत नाही. 'बीबॉप'मध्ये जॅझ. जुन्या चर्चचा मनोरा चांगला दोन मीटर कलला आहे. लोक त्याला प्रेमाने 'म्हातारा यान' म्हणतात, आणि त्याच्या पायथ्याशी त्याच नावाचा कॅफे आहे. गाव लहान असलं तरी रॉटरडॅम, हेग, ॲम्स्टरडॅमला जोडणारी गाडी रात्रभर तासाला एक डेल्फ्टला थांबते. उशीर झालेल्या मुलीला घरी पोचता यावं, ही जबाबदारी त्या मुलीच्या वडिलांवर किंवा भावावर टाकलेली नाही. ती वेळापत्रकात छापलेली आहे.

आता मला ज्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला, ते सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटा कॅफे होता. आमच्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, दर बुधवारी दुपारी चारला तिथे जायच्या. वर्तमानपत्राच्या टेबलाशी त्यांची ठरलेली खुर्ची. त्या 'अडफोकाट' मागवायच्या. हे अंड्याचं घट्ट पिवळं मद्य असतं, वर फेटलेली साय घालतात आणि चमच्याने खातात. तासभर बसायचं, शब्दकोडं सोडवायचं, दोन-चार जणांशी बोलायचं आणि घरी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात. एका बुधवारी त्या आल्या नाहीत. अर्धा तास वाट पाहून कॅफेच्या मालकिणीने काउंटर मदतनिसाकडे सोपवलं आणि ती त्यांच्या दाराशी गेली. बेल वाजवली, उत्तर नाही. मग आमची बेल वाजवली, कारण आमच्याकडे त्यांची किल्ली असायची. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळपासून पडून होत्या. भिंतीला भिंत लागून आम्ही राहत होतो, पण आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात. त्या आल्या नाहीत हे ज्या जागेला कळलं, ती जागा बार होती.

त्या बऱ्या झाल्या. तीन महिन्यांनी वॉकर घेऊन पुन्हा बुधवारी खुर्चीवर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, केक कापला नाही. मालकिणीने न विचारता चमचा आणून ठेवला.

त्या दिवसापासून मी आपल्या गावाचा विचार करायला लागले. आपल्याकडे कोण कुठे बसतं? पुरुषांना पार आहे, कट्टा आहे, स्टँडवरची टपरी आहे, सलून आहे, नदीचा घाट आहे. दहावीच्या सुट्टीत तुम्ही मुलं रसवंतीसमोर रात्री अकरापर्यंत उभी असायचात. आम्ही मुली एकमेकींकडे जायचो ते वही मागायला, हळदीकुंकवाला किंवा क्लासला. कारण असल्याशिवाय बाहेर बसलेली मुलगी आपल्या गावाला माहीत नव्हती. आजही फार फरक नाही. काल रात्रीचंच बघा. जेवणं झाली, साडेनऊला आम्ही सगळ्या जणी खोल्यांवर गेलो. तुम्ही घाटावर दीडपर्यंत होतात. सकाळी तुमचे घाटावरचे किस्से आम्ही ऐकले, फार छान होते. पण ते आम्ही ऐकले, त्यात आम्ही नव्हतो. कोणी आम्हाला अडवलं नाही, आणि कोणी बोलावलंही नाही.

मी इथे दारूची वकिली करायला उभी नाही. आपल्याच वर्गात अशी मुलं होती, ज्यांच्या घरी पगाराच्या दिवशी चूल पेटायची नाही. त्यांची नावं तुम्हाला आठवतात, मलाही. आपल्या राज्यातल्या कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यामागे तेच दुःख होतं आणि मी त्या बायकांच्या बाजूची आहे. तिकडेही सगळं गोड नाही. शुक्रवारी सकाळी सायकलवरून ऑफिसला जाताना रस्त्यावर ओकाऱ्या चुकवाव्या लागायच्या. पहाटे तीनला खिडकीखाली गाणारी पोरं आम्हीही सोसली. त्यांचं सरकारही यावर विचार करतं. १ जानेवारी २०१४ पासून त्यांनी दारू विकत घेण्याचं वय सोळावरून अठरा केलं. आपल्याकडे कागदावर बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस आहे. कागद आपला जास्त कडक आहे. पण त्यांची काच पारदर्शक आहे. जिथे शेजारच्या आजी, ऑफिसातली बाई आणि बाबागाडीतलं बाळ असतं, तिथे माणूस आपोआप जरा सांभाळून पितो. काळ्या काचेमागे त्याला सांभाळायला कोणी नसतं आणि घरी त्याची वाट बघणारीला बसायला कुठे जागा नसते.

डच लोकांचा एक लाडका शब्द आहे, 'खेझेलिख'. त्याचं भाषांतर होत नाही असं ते मोठ्या अभिमानाने सांगतात. मी त्यांना सांगायचे, आमच्याकडे 'मैफल जमली' असं म्हणतात, साधारण तेच. ऊबदार, निवांत, आपल्या माणसांत असल्याचं. त्यासाठी तिथे काय लागतं, हे मी सहा वर्षं पाहिलं. उजेड असलेली खोली. उठवून न लावणारं कोणीतरी. ठरलेला वार. आणि एकट्या आलेल्या माणसाला 'कशासाठी आलात?' असं न विचारणं. या यादीत बिअर कुठे येते ते तुम्हीच बघा.

म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या बॅचने शाळेला काय भेट द्यायची, यावर आज दुपारी बैठक आहे. वॉटर कूलर आणि स्मार्ट बोर्ड अशा दोन सूचना आल्या आहेत, दोन्ही चांगल्या आहेत. मी तिसरी मांडते. शाळेच्या जुन्या इमारतीचा रस्त्याकडचा व्हरांडा आणि त्याला लागून असलेली वाचनालयाची खोली दर शनिवारी संध्याकाळी सात ते दहा उघडी ठेवायची. दिवे लखलखीत, दारं सताड. चहा, पुदिन्याचं पाणी, कॅरम, जुने दिवाळी अंक. शाळेची जागा आहे, तेव्हा दारूचा प्रश्नच नाही. गावातल्या कोणत्याही बाईने, निवृत्त शिक्षकाने, एकट्या आजोबांनी यावं आणि बसावं. कारण लागणार नाही. शिपाईमामांचा जादा वेळेचा मेहनताना आणि विजेचं बिल आपण द्यायचं. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये काढले तरी भागतं, मी हिशोब करून आणला आहे. मुख्याध्यापक सरांशी काल बोलणं झालं. संस्थेपुढे विषय ठेवायचं त्यांनी कबूल केलं आहे, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे: जबाबदारी कोण घेणार? गावात राहणाऱ्या आपल्या चार मैत्रिणींनी पाळीपाळीने हजर राहायचं ठरवलं आहे. मुलांपैकी दोघांची नावं हवी आहेत, नुसती टाळी नको.

आणि आमच्या मराठीच्या बाईंना खास विनंती. बाई, तुम्ही आता एकट्याच राहता. पहिल्या शनिवारी तुम्ही यायचं. तुमची खुर्ची कोणती ते तुम्ही ठरवा. एखाद्या शनिवारी तुम्ही दिसला नाहीत, तर साडेसातपर्यंत आमच्यापैकी कोणीतरी तुमच्या दाराशी आलेली असेल.

बैठक तीन वाजता सात नंबरच्या वर्गात आहे. मी वही घेऊन बसलेली असेन. दोन नावं द्या.